कल्पनांचे पीक, निर्मितीचा दुष्काळ

पाच वर्षांत सरकारी शाळांमधून ५०,००० ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्याची घोषणा १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात झाली. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनचे काम २०१६ साली सुरू झाले. तेव्हापासूनच्या आठ-नऊ वर्षांत अशा सुमारे १०,००० प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. म्हणजे आजवर झाले त्याच्या पाचपट काम आता जवळजवळ निम्म्या वेळात उरकायचे आहे. मूळ योजनेत एका शाळेला २० लाख रुपये मिळत. १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. त्याच दराने हिशेब केला तर ५०,००० शाळांचा आकडा १०,००० कोटींवर जाऊन पोचतो. एवढा पैसा मुलांच्या हाताला काम आणि डोक्याला चालना देण्यासाठी खर्च होणार असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र आजवर जे झाले त्यातून मुलांच्या हाती नेमके काय लागले, हा प्रश्नही त्याबरोबर विचारायला हवा.

हा प्रश्न एका योजनेपुरता नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर-मानक’ योजना शाळकरी मुलांकडून दहा लाख कल्पना मागवण्याचे उद्दिष्ट ठेवते. त्यांतल्या १ लाख निवडायच्या आणि प्रत्येक मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा करायचे, अशी तिची रचना आहे. मग जिल्ह्याच्या प्रदर्शनांतून १०,००० पुढे, राज्यांच्या प्रदर्शनांतून १,००० पुढे आणि दिल्लीत अखेर ६० जणांचा गौरव. महाविद्यालयीन मुलांसाठी २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ भरते. त्यात खासगी कंपन्यांच्या पैशाची भर पडली. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०१४ पासून तो नियम लागू झाला आणि शिक्षण हे त्या खर्चाचे सर्वांत सोयीचे खाते ठरले. आज तालुक्याच्या गावीसुद्धा ‘युवा नवनिर्मिती आणि व्यक्तिमत्त्व विकास’ अशा जोडनावाच्या उपक्रमाचा फलक दिसतो.

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. असा एक उपक्रम माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी आरंभापासून अखेरपर्यंत जवळून पाहिला. मुलगी नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यातली, तेव्हा नववीत. उपक्रम चालवणारी संस्था मोठी, पैसा एका कंपनीचा, मुदत चार महिन्यांची. तिचा अनुभव इथे थोडा विस्ताराने सांगतो, कारण योजनांच्या अहवालांत जे सापडत नाही ते त्यात आहे.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो आणि भाव येईल या आशेने दिवाळीपर्यंत चाळीत राहतो. चाळीच्या दोन्ही अंगांना बांबूची किंवा जाळीची भिंत असते आणि खालून हवा खेळावी म्हणून तळ जमिनीपासून उचललेला असतो. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की थराच्या पोटात एखादा कांदा पाणी सोडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. वास बाहेर येईपर्यंत आत बराच भाग गेलेला असतो. मग घरातल्या बायका तासन्‌तास बसून सडका कांदा निवडतात. या मुलीची आईही निवडायची आणि शाळा सुटल्यावर ही तिच्याबरोबर बसायची. तिला सुचलेली गोष्ट अगदी साधी होती. चाळ भरतानाच पाच-सहा फुटांवर भोके पाडलेली पीव्हीसीची एकेक नळी उभी ठेवायची. रोज सकाळी नळीच्या तोंडाशी नाक न्यायचे. ज्या नळीला वास, तिथला कांदा आधी उपसायचा. पाइपलाइनचे जुने तुकडे घरात पडलेले होते. वडिलांनी सळई तापवून भोके पाडून दिली.

ही कल्पना निवडली गेली. मार्गदर्शक म्हणून अभियांत्रिकीचा एक तरुण पदवीधर मिळाला. मुलगा मनाने चांगला होता, फोनवर वेळही देत असे. पण त्याने चाळ कधी पाहिली नव्हती. ‘हे थोडे स्मार्ट करू या,’ असे तो म्हणाला आणि नळीत वायूचा सेन्सर आला. सेन्सरला सर्किट बोर्ड आला, बोर्डाला मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोय आली. अनुदानाचे बहुतेक पैसे त्यातच गेले. खरी चाळ प्रदर्शनात नेता येत नाही, म्हणून थर्मोकोलची चाळ झाली. तिच्यात प्लास्टिकचे छोटे कांदे, वर लुकलुकणारा लाल दिवा. शेवटी तो नमुना समोर ठेवून ती मला म्हणाली, ‘‘सर, आता नळी दिसतच नाही.’’

सेन्सर लावणे मूर्खपणाचे आहे, असे माझे म्हणणे नाही. मोठ्या साठवणुकीत त्याचा उपयोग आहे. पण ती पुढची पायरी होती. आधी नळ्या किती अंतरावर हव्यात, भोके किती मोठी हवीत, वास नेमका किती दिवस आधी कळतो, हे एका पावसाळ्यात पाहायला हवे होते. त्यासाठी जून ते ऑक्टोबर हे महिने लागतात. उपक्रम नोव्हेंबरात सुरू झाला आणि फेब्रुवारीत संपला. त्या काळात तिच्या घरची चाळ रिकामी होती.

अंतिम फेरीआधी शहरात तीन दिवसांचे निवासी शिबिर झाले. व्यक्तिमत्त्व विकासाचा भाग तो हाच. हस्तांदोलन कसे करावे, नजर कुठे ठेवावी, स्वतःची ओळख तीस सेकंदांत इंग्रजीत कशी करून द्यावी, याचे पाठ झाले. एखादा गुंतवणूकदार लिफ्टमध्ये भेटला तर वरचा मजला येईपर्यंत त्याला आपली कल्पना कशी पटवायची, हेही शिकवले. तिच्या गावात दुमजली घरे तीन आहेत. परीक्षकांपुढे प्रत्येकाला तीन मिनिटे होती. बाजारपेठ केवढी आहे, खर्च किती, यात नवीन काय, असे प्रश्न आले. कांदा सडतो हे तुला कसे कळले, असे कोणी विचारले नाही. उत्तेजनार्थ पारितोषिक, प्रमाणपत्र, टी-शर्ट आणि पिशवी घेऊन ती परत आली. नमुना आमच्या शाळेच्या कपाटावर ठेवला गेला.

तिला यातून काहीच मिळाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती प्रथमच आईवडिलांशिवाय घराबाहेर राहिली. अनोळखी माणसांसमोर बोलताना पहिल्या दिवशी थरथरणारा आवाज तिसऱ्या दिवशी स्थिर झाला होता. आपल्यासारखी धडपड करणारी मुले दुसऱ्या जिल्ह्यांतही आहेत हे तिला दिसले. त्यांतल्या एकीशी तिची मैत्री अजून टिकून आहे. खेड्यातल्या मुलीच्या आयुष्यात ही लहान मिळकत नव्हे. शहरातल्या सुस्थित घरांना या शिबिरांची चेष्टा करणे परवडते, कारण त्यांच्या मुलांना हे सारे घरात आपोआप मिळते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी खऱ्या चाळीत चार नळ्या उभ्या केल्या. सेन्सर नाही, दिवा नाही. पावसाळ्यात लक्षात आले की कांद्याची सुटी टरफले आणि माती भोकांत अडकून ती बुजतात. मुलीने नळीला शेडनेटचा तुकडा गुंडाळून पाहिला. पहिला तुकडा फार दाट निघाला, वास येईना. मग विरळ जाळीचा लावला. किती कांदा वाचला याचे मोजमाप कोणी ठेवले नाही, म्हणून आकडा सांगत नाही. मात्र त्याच्या पुढच्या वर्षी चारच्या सात नळ्या झाल्या, आणि शेतकरी शोभेसाठी पदरचे पैसे घालत नसतो. ज्याला नवनिर्मिती म्हणावे ते सारे या दोन वर्षांत घडले. तोवर उपक्रमाची फाइल बंद झाली होती. तिच्या नावापुढे ‘यशस्वी’ अशी नोंदही झाली होती आणि संस्था पुढच्या तुकडीच्या कल्पना गोळा करत होती.

असे का होते? माणसे वाईट असतात म्हणून नाही. मोजण्याची पद्धत चुकते म्हणून होते. किती कल्पना आल्या, किती मुलांना प्रशिक्षण दिले, किती शाळांपर्यंत पोचलो, हे आकडे वर्षअखेरीस देता येतात. वस्तू दोन वर्षांनी वापरात आहे की नाही हा आकडा मार्चच्या अहवालात बसत नाही. वास्तविक कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या नियमांत सुरुवातीच्या वर्षाव्यतिरिक्त आणखी तीन वर्षे चालणाऱ्या प्रकल्पांना जागा आहे. २०२१ पासून त्यांच्या शिल्लक रकमेसाठी वेगळ्या खात्याची तरतूदही झाली. तेव्हा चार महिन्यांची मुदत कायद्याने लादलेली नाही, ती सोयीसाठी निवडलेली आहे.

सरकारी योजनांत याला आणखी एक अडसर आहे, तो म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू त्यात चढते आणि तपासणीच्या दिवशी तेवढीच दाखवावी लागते. वस्तू मोडली तर खुलासा द्यायचा, निर्लेखनासाठी प्रस्ताव करायचा, वरून मंजुरी येण्याची वाट पाहायची. अशा व्यवस्थेत शहाणा मुख्याध्यापक काय करील? तो थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकचे आवरण घालील आणि खोलीला कुलूप लावील. पाहुणे येतील त्या दिवशी खोली उघडेल. ‘टिंकरिंग’ या शब्दाचा अर्थच मुळी खटपट करणे, उघडून पाहणे, बिघडवणे आणि पुन्हा जुळवणे. जिथे मोडतोडीला शिक्षा आहे तिथे खटपट होणार नाही. मग मुलांना शिकवले जाते ते बटण दाबल्यावर काय होते एवढेच. बाजारालाही हे बरोबर कळलेले आहे. शहरांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत प्रदर्शनासाठी तयार ‘प्रोजेक्ट’ विकत मिळतात आणि पालक ते आणून देतात. तीन मिनिटांच्या परीक्षणात विकत आणलेली वस्तू आणि हाताने केलेली वस्तू यांतला फरक कळणे कठीणच.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नव्हते असेही नाही. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेली नई तालीम कामातून शिक्षणाचीच होती. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढत. तीस वर्षांनी, २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. आणि महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातले पाबळ आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट घेतलेले डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू झाला. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. जोडकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, माती-पाण्याची तपासणी, आहार-आरोग्य असे विषय त्यात येतात. शिकता शिकता मुलांनी गावाला उपयोगी सेवा पुरवायची, हा त्यातला महत्त्वाचा भाग. एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली याच खेड्यात फॅब लॅब आली. तिच्या आधी वीस वर्षे हातोडी आणि वेल्डिंगची सवय होती, म्हणून नवी यंत्रे तिथे शोभेची राहिली नाहीत.

पाबळच्या पद्धतीत एक मर्म आहे. गावकऱ्याला सेवा द्यायची तर ती धड असावी लागते. जोड निखळला तर तो परत घेऊन येतो आणि मुलाला पुन्हा करावा लागतो. तिथे परीक्षक तो गावकरीच, आणि तो तीन मिनिटांत उठून जात नाही. मुलाचे व्यक्तिमत्त्व घडते ते या पुन्हा करण्यात. दिलेला शब्द पाळणे, चूक सापडली की ती शोधून काढणे, वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाशी अदबीने पण ठामपणे बोलणे, पैशाचा हिशेब देणे, हे गुण त्याला कुणी वेगळ्या तासात शिकवत नाही. १९९१ नंतर सेवाक्षेत्रातल्या नोकऱ्या वाढल्या, तेव्हापासून आपल्याकडे व्यक्तिमत्त्व म्हणजे बोलण्याची सफाई असे समीकरण रूढ झाले. सफाई उपयोगी आहे, इंग्रजीही हवेच. पण आपल्या चाळीविषयी मराठीत अर्धा तास बोलू शकणाऱ्या मुलीला परक्या भाषेत तीस सेकंदांत बसवले, तर तिच्याजवळचे सर्वांत मोलाचे ज्ञान बाहेरच राहते. आणि हे ज्ञान क्षुल्लक आहे, असेही तिला नकळत शिकवले जाते. ती पुढे अभियंता होईलही, पण कांद्याच्या प्रश्नाकडे परत वळेल का?

चिकाटीने पाहण्याची किंमत काय असते हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दाखवले आहे. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याला १९८०च्या दशकात ‘पटेल-३’ या धानाच्या पिकात काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्याने त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या आणि एचएमटी हे वाण तयार झाले. पुढे ते राज्याच्या सीमा ओलांडून गेले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. तरीही २०१८ साली ते गेले तेव्हा उपचाराच्या खर्चाची ओढाताण चालूच होती. दादाजींना चार महिन्यांच्या उपक्रमात घातले असते तर त्यांच्याजवळ दाखवायला मूठभर धान्याखेरीज काही नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पाबळसारखी कामे एखाद्या कलबागांच्या तपश्चर्येवर उभी राहतात. ५०,००० शाळांसाठी ५०,००० कलबाग कुठून आणायचे? प्रदर्शने, स्पर्धा, अनुदाने ही निदान कोणालाही राबवता येण्याजोगी चौकट आहे. मान्य. म्हणूनच चौकट मोडा असे मी म्हणत नाही. तिच्यातले चार खिळे बदलले तरी पुष्कळ होईल.

पहिला बदल पैशाच्या हप्त्यात करावा. अनुदानाचा अर्धा भाग निवडीच्या वेळी द्यावा आणि उरलेला वर्षभराने, वस्तू वापरात असेल किंवा ती का चालली नाही हे मुलाला सांगता येत असेल तर. अपयशाचा प्रामाणिक हिशेब हाही पात्र धरावा. दुसरा बदल, अंतिम परीक्षणाआधी एक परीक्षण जागेवर, वस्तूच्या शेजारी उभे राहून आणि मुलाच्या भाषेत व्हावे. तिसरा, या प्रयोगशाळांतले साहित्य डेडस्टॉकमधून काढून खडू-कागदासारखे खर्चाच्या साहित्यात धरावे. निदान सुटे भाग तरी. तपासणी अधिकाऱ्याने ‘सगळे जागेवर आहे का’ असे न विचारता ‘यंदा काय काय झिजले’ असे विचारावे. चौथा बदल माणसांचा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार-कुंभार-माळ्यांच्या हाताखाली घालवण्याची कल्पना आहे. ती दहा दिवसांची सहल न ठेवता गावातला वायरमन, फिटर, वेल्डर यांना मानधन देऊन आठवड्यातून एक दुपार प्रयोगशाळेत बसवावे. विज्ञानाच्या शिक्षकाला मोटर का फिरते हे ठाऊक असते. ती का फिरत नाही हे या मंडळींना ठाऊक असते. मुलांना दोघेही हवेत.

यांतल्या एकाही गोष्टीला वेगळा निधी लागणार नाही. लागेल तो धीर. दहा लाख कल्पनांच्या बातमीला पहिल्या पानावर जागा मिळते, सात नळ्यांच्या बातमीला मिळत नाही, हे मलाही कळते. पण ५०,००० खोल्यांची दारे उघडण्याआधी १०,००० खोल्यांतल्या किती वस्तू त्या खोलीबाहेर, कुणाच्या घरात, शेतात, दुकानात कामाला लागल्या, याची एकदा गणती व्हायला हवी. आकडा लहान निघेल. निघू द्या. नव्या खोल्या कशा चालवायच्या हे ठरवायला तो लहान आकडाच उपयोगी पडेल.